सोलापूर शहरात तोंडाचा कॅन्सर वाढतोय का? आकडे कुठले धरायचे आणि कसे वाचायचे?

नवीपेठकर

तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "पूर्वी एवढे पेशंट नव्हते" आणि "आता तिशीच्या आतल्या पोरांनाही होतोय." दोन्ही खरी असू शकतात, पण कुठल्या तरी ओपीडीतले पेशंट मोजून ती सिद्ध होत नाहीत.

देशाचं चित्र स्पष्ट आहे. ग्लोबोकॅन या कॅन्सरच्या जागतिक आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार ओठ आणि मुखपोकळीच्या कॅन्सरचे भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू. पुरुषांत हा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न धुराचा कमी आणि गालात धरायच्या तंबाखूचा जास्त.

आता सोलापूर महापालिका हद्दीपुरता कल काढायचा तर काय लागेल आणि कुठे चुकतं? जाणकारांनी पद्धतीवर लिहावं ही विनंती.

आकडेमोड

चांगला धागा. सुरुवात अंशापासून करू, म्हणजे रुग्णांच्या संख्येपासून.

सोलापुरातल्या दवाखान्यांत धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडून माणसं येतात. उलट शहरातले बरेच पेशंट उपचाराला बार्शी, पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात. म्हणून एका रुग्णालयाची यादी ही त्या रुग्णालयाची यादी असते, शहराची नव्हे. नवीन रेडिएशन मशीन आलं, योजनेत नाव लागलं, एखादे कॅन्सर सर्जन रुजू झाले की त्या यादीत वर्षभरात मोठी वाढ दिसते आणि शहरातला रोग होता तेवढाच असतो.

लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणीचा नियम असा की ठरलेल्या हद्दीत निदानाआधी किमान एक वर्ष राहणारा प्रत्येक रुग्ण मोजायचा, मग उपचार कुठेही घेतलेला असो. त्यासाठी नोंदणी कर्मचाऱ्याने शहरातले आणि शहराबाहेरचेही दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, रेडिएशन केंद्रं फिरायची आणि महापालिकेच्या मृत्यू नोंदी चाळायच्या. एकच माणूस तीन ठिकाणी सापडतो: लॅबमध्ये तुकडा (बायोप्सी), एका ठिकाणी ऑपरेशन, तिसऱ्या ठिकाणी शेक (रेडिएशन). नाव, वय, लिंग, पत्ता आणि आजाराची जागा जुळवून त्याची एकच नोंद करावी लागते. आपल्याकडे ही जुळवणी किचकट, कारण एकच आडनाव एका कागदावर मराठी वळणाने तर दुसऱ्यावर तेलुगू किंवा कन्नड वळणाने लिहिलेलं असतं. वयातही दोन-तीन वर्षांचा फरक सहज निघतो. नुसत्या नावावर जुळवलं तर दुबार नोंदी राहतात, फार सैल जुळवलं तर दोन वेगळी माणसं एक होतात.

आता छेद, म्हणजे ज्याने भागायचं ती लोकसंख्या. २००१ च्या जनगणनेत सोलापूर शहर ८,७२,४७८ आणि २०११ मध्ये ९,५१,५५८. दहा वर्षांत साधारण ९ टक्के वाढ. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. कुणी २०२४ चे रुग्ण २०११ च्या लोकसंख्येने भागले, आणि शहर त्याच वेगाने वाढलं असं धरलं, तर दर आपोआप सुमारे १२ टक्के फुगतो. एकही जादा रुग्ण नसताना! म्हणून वयोगट आणि लिंगानुसार २००१-११ ची वाढ पुढे नेऊन दर वर्षाची अंदाजित लोकसंख्या घ्यायची, आणि नवी जनगणना आली की मागचे सगळे दर पुन्हा काढायचे.

नवीपेठकर

वयाचं काय? शहर म्हातारं होतंय म्हणून रुग्ण वाढतात, असं काही जण म्हणतात.

आकडेमोड

बरोबर आहे, म्हणूनच वयप्रमाणित दर काढतात. पाच-पाच वर्षांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा दर काढायचा आणि त्याला जागतिक प्रमाण लोकसंख्येचं वजन द्यायचं. एक लाखाच्या त्या प्रमाण लोकसंख्येत ३५ ते ४९ या तीन गटांना प्रत्येकी ६,०००, ५०-५४ ला ५,०००, ५५-५९ आणि ६०-६४ ला प्रत्येकी ४,०००, ६५-६९ ला ३,०००, ७०-७४ ला २,००० अशी वजनं आहेत.

केवळ उदाहरणापुरते आकडे घेतो. ४५-४९ वयाचे सरासरी ३०,००० पुरुष, तीन वर्षांत मिळून ९०,००० व्यक्तिवर्षं, आणि त्यांत १८ रुग्ण. दर झाला लाखाला २०. २० गुणिले ६,००० भागिले १,००,००० म्हणजे १.२. असं प्रत्येक गटाचं काढून बेरीज केली की वयप्रमाणित दर. पुरुष आणि स्त्रिया कायम वेगळे ठेवा, एकत्र केलं की दोन्ही कल बुजतात.

हा दर दुसऱ्या शहराशी तुलनेसाठी. दवाखान्यात किती खाटा लागतील, किती सर्जन लागतील, हे ठरवायला मात्र साधी संख्याच लागते. म्हाताऱ्या माणसांमुळे वाढलेले रुग्णही रुग्णच आहेत.

सात_रस्ता_दंत

पद्धत छान मांडलीत. मी तोंडातली जागा कुठली यावर लिहिते, कारण नोंदी तिथेच बिघडतात.

आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक सांकेतिक यादीत सी०० ओठ, सी०१ जिभेचं मूळ, सी०२ जिभेचा बाकी भाग, सी०३ हिरडी, सी०४ जिभेखालचा तळ, सी०५ टाळू, सी०६ गाल आणि तोंडाचा उरलेला भाग. गालाच्या आतल्या अस्तराला सी०६.०, अक्कलदाढेमागच्या भागाला सी०६.२. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या अहवालांत 'जीभ' म्हणजे सी०१-०२ आणि 'तोंड' म्हणजे सी०३-०६ असे वेगळे तक्ते असतात. ग्लोबोकॅनचा मुखपोकळीचा आकडा ओठ, जीभ, तोंड मिळून. नोंदणीच्या 'तोंड' तक्त्याशी ग्लोबोकॅनचा आकडा ताडून "आपल्याकडे कमी आहे" म्हणणारे लेख दिसतात. ती तुलनाच चूक आहे.

केस पेपरवर नुसतं "सीए ओरल कॅव्हिटी" (तोंडाचा कॅन्सर) लिहिलं की नोंदणीवाल्याला सी०६.९ (तोंडातली जागा अनिश्चित) टाकण्यावाचून इलाज नसतो. एका वर्षी डॉक्टरांनी नीट "डावा गाल, खालची खाच" लिहायला सुरुवात केली की त्या वर्षी गालाचा कॅन्सर वाढलेला आणि 'अनिश्चित' कमी झालेला दिसतो. सी०१ ची अडचण वेगळी. जिभेचं मूळ खरं तर घशात मोडतं, पण तक्त्यात जिभेबरोबर येतं.

आणि ही जागा सोलापुरात फार बोलकी असते. मावा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, पन्नीत घालून तळहातावर चोळलेला. एका पुडीत सुपारी ५-६ ग्रॅम आणि तंबाखू जेमतेम ०.३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजनाने तो जवळजवळ सगळा सुपारीच. तो गालात धरतात, तिथे चट्टा गालावर आणि गाल-हिरडीच्या खाचेत येतो. सुकी तंबाखू चुन्याबरोबर मळून खालच्या ओठामागे बार भरतात, तिथे ओठाच्या आतल्या बाजूला आणि पुढच्या हिरडीला. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटाने हिरड्यांवर घासतात, त्यामुळे बायकांमध्ये हिरडीच्या जखमा नीट पाहाव्या लागतात. "मी तंबाखू खात नाही" असं सांगणारी बाई दिवसातून तीनदा मशेरी लावत असते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. त्यामुळे प्रश्न "तंबाखू खाता का?" असा न विचारता "दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?" असा विचारायचा.

पूर्व_भाग

पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांबद्दल काय म्हणता येईल? दिवसभर तंबाखूतच हात असतात.

सात_रस्ता_दंत

विडी ओढल्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे पक्कं आहे. विडी वळणाऱ्या बाईबाबत दोन गोष्टी सरमिसळ होतात: हाताला आणि श्वासाला लागणारी तंबाखूची धूळ, आणि कच्चा माल हाताशी असल्याने तोंडात टाकलेली चिमूट किंवा लावलेली मशेरी. ही फोड करायची तर नोंदीत 'व्यवसाय' आणि 'सवय' असे दोन स्वतंत्र रकाने हवेत, सवयीच्या रकान्यात प्रकार, वर्षं आणि दिवसाचे वेळा. नुसतं "गृहिणी" लिहून टाकलं की या बायका आकडेवारीतून पुसल्या जातात. घरी बसून विड्या वळणारी बाई विचारल्याशिवाय स्वतःला कामगार म्हणत नाही.

बार्शी_रोड

एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला १९८७ मध्ये सुरू झाली, नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, पण मुंबईत पेशंट स्वतः दवाखान्यात येतो. खेड्यात तो येतच नाही. म्हणून बार्शीच्या कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचं, कॅन्सरची लक्षणं समजावायची, संशयित माणसाला तपासणीला आणायचं, अशी पद्धत बसवली. नोंदणीचं काम आणि लवकर निदान एकाच फेरीत.

तेव्हा पद्धत बाहेरून आणायची गरज नाही. बार्शीचे दर मात्र सोलापूर शहराला चिकटवू नका. ती गावं आहेत.

आकडेमोड

अगदी. आता कल काढताना होणारी सगळ्यात मोठी चूक: लहान संख्या.

रुग्णसंख्या १०० असेल तर निव्वळ योगायोगाने ती साधारण २० टक्के खाली-वर होऊ शकते. २५ असेल तर जवळपास ३९ टक्के. १.९६ भागिले रुग्णसंख्येचं वर्गमूळ, एवढंच गणित. शहरातल्या स्त्रियांचा जिभेचा कॅन्सर असा एकेक वर्षाने मांडला तर दर वर्षी नवी बातमी होईल आणि एकही खरी नसेल. तीन-तीन किंवा पाच-पाच वर्षं एकत्र करा आणि प्रत्येक दराबरोबर विश्वास-अंतर, म्हणजे निव्वळ योगायोगाने तो किती खाली-वर असू शकतो ते, छापा.

वार्षिक टक्केवारी बदल काढायला दराचा नैसर्गिक लॉग घेऊन वर्षावर सरळ रेषा बसवतात. उतार ०.०३ आला तर वार्षिक वाढ ३.०५ टक्के. दहाएक वर्षांच्या सलग नोंदी असल्याशिवाय मधेच वाकणारी रेषा बसवायच्या फंदात पडू नये.

देशातल्या बऱ्याच शहरी नोंदण्यांत पुरुषांचा 'तोंड' गटातला दर चढता आहे आणि बायकांचा गर्भाशयमुखाचा दर उतरता. सोलापूर याला अपवाद असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. पण किती चढता आणि कुठल्या वयात, हे आपल्याच नोंदींतून निघालं पाहिजे.

नवीपेठकर

२०१२ ची गुटखाबंदी या रेषेत कुठे दिसेल?

आकडेमोड

लगेच दिसणार नाही. सवय लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त. बंदीनंतर दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून "बंदी फसली" किंवा "यशस्वी झाली" म्हणणारे दोघेही घाई करतात. यासाठी जन्मवर्षानुसार मांडणी उपयोगी: १९५०-५९ ला जन्मलेले, १९६०-६९, १९७०-७९, १९८०-८९, आणि प्रत्येक पिढीचा दर ३५, ४०, ४५ वर्षं वयाला किती होता. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पुड्या गल्लोगल्ली पोचल्या तेव्हा जी पोरं शाळेत होती, त्यांची रेषा आधीच्या पिढीच्या वर सरकलेली आहे का ते पाहायचं. तिशी-चाळिशीतले रुग्ण वाढल्याची तक्रार खरी की खोटी हे इथेच कळतं.

दुसरं, बंदीने वस्तूचं रूप बदललं. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, खाणारा दोन्ही एकत्र करतो. मावा तर टपरीवर हाताने होतो. राज्यात धूररहित तंबाखू २००९-१० मध्ये २७.६ टक्के होती, ती २०१६-१७ मध्ये २४.४ झाली. घट आहे, पण त्या सर्वेक्षणात सुपारी वेगळी धरावी लागते. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय.

सात_रस्ता_दंत

सुपारीवर जोर द्यायलाच हवा. "माझा मावा बिनतंबाखूचा, नुसती सुपारी" हे वाक्य धोकादायक आहे. सुपारीतलं अॅरेकोलिन आणि तांबं यांमुळे अस्तराखाली कोलॅजन (चिवट तंतू) साठत जातं, गाल कातड्याच्या पट्ट्यासारखा कडक होतो. हाच सबम्यूकस फायब्रोसिस. सुरुवातीची खूण म्हणजे जळजळ. शेंगाचटणीचा घास घेतला की तोंड पेटतं आणि माणूस तिखट सोडून दहीभातावर येतो. मग अस्तर पांढुरकं, संगमरवरी दिसतं, बोटाने चाचपलं तर उभे दोर लागतात, गाल फुगवता येत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही.

मोजायची पद्धत: समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर, व्हर्नियरने, मिलिमीटरमध्ये. प्रौढात ३५ च्या खाली गेलं की गंभीरपणे घ्यायचं, २५ खाली म्हणजे बरंच पुढे गेलेलं. साधन नसेल तर स्वतःची तीन बोटं उभी धरून आत जातात का पाहा. केरळात १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या फायब्रोसिसच्या रुग्णांपैकी ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला होता. म्हणून माझा आग्रह असा की कॅन्सरची वाट न पाहता शिबिरांतून फायब्रोसिसचीही मोजणी ठेवावी. मावा कमी-जास्त झाला तर तो आकडा कॅन्सरच्या कितीतरी वर्षं आधी हलतो.

बार्शी_रोड

शिबिरांमुळे दरही बदलतो ना?

सात_रस्ता_दंत

हो, आणि हे विसरलं जातं. पहिल्या फेरीत आधीपासून तोंडात असलेले, पण न दाखवलेले रोग एकदम सापडतात. त्या वर्षी दर उसळतो, मग खाली येतो. म्हणून तक्त्यात मोठ्या शिबिरांची वर्षं खूण करून ठेवा. पण उसळीला घाबरून शिबिरं थांबवायची नाहीत. तिरुवनंतपुरमच्या मोठ्या चाचणीत, २००५ मध्ये आलेल्या निकालांत, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाचं तोंड दर ५ वर्षांनी पाहायचं ठरलेलं आहे.

तपासणीत नेहमी राहून जाणाऱ्या जागा तीन. एक, गाल आणि खालच्या हिरडीमधली खाच: गाल दोन आरशांनी बाहेर ओढल्याशिवाय दिसत नाही. दोन, जिभेच्या कडा मागपर्यंत: टोक गॉजमध्ये धरून जीभ आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढायची. तीन, कवळीखालचं अस्तर: कवळी काढायला सांगायची, पेशंटला संकोच वाटतो म्हणून सोडायची नाही. शेवटी एक बोट तोंडात, दुसरा हात हनुवटीखाली ठेवून तळ चाचपायचा आणि मानेतल्या गाठी पाहायच्या. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. तीन आठवड्यांत न भरणारी जखम तुकडा घेतल्याशिवाय सोडायची नाही. टोचणारा दात असेल तर तो घासून वाट पाहा, पण तीही दोनच आठवडे.

पूर्व_भाग

तुकडा पाठवताना काय चुकतं?

सात_रस्ता_दंत

मधोमध सडलेल्या भागातून घेतला तर लॅबला नुसता मेलेला ऊतक मिळतो. कडेचा घ्यायचा, थोडा निरोगी भाग येईल असा, पुरेशा खोलीचा. लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रव. मिठाच्या पाण्यात ठेवलेला तुकडा तपासण्यालायक राहत नाही. डबीच्या झाकणावर नाव लिहिलं की झाकणं अदलाबदल होतात, डबीवरच लिहा. अहवाल अनिर्णीत आला आणि पेशंट परत आलाच नाही, तर तो नोंदणीत थेट मृत्यूच्या दाखल्यावरून येतो. असे 'फक्त दाखल्यावरून' आलेले जास्त असले की नोंदणी कच्ची समजायची.

आकडेमोड

त्यात एक भर. टप्प्यांची तुलना करताना २०१८ चं वर्ष लक्षात ठेवा. तेव्हापासून लागू झालेल्या, कॅन्सरचा टप्पा ठरवायच्या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत गाठीच्या रुंदीबरोबर तिची खोलीही धरतात. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ ५ मिलिमीटरपेक्षा खोल नसेल तरच टी१ (गाठीची पहिली पायरी), त्याहून खोल असेल तर टी२ (दुसरी). जुन्या कागदांत खोली नसते, त्यामुळे "पुढच्या टप्प्याचे रुग्ण वाढले" यातला काही भाग नुसता व्याख्येचा असतो.

आणि दुसऱ्या गाठीचा नियम. उजव्या गालाचं ऑपरेशन झालं, काही वर्षांनी डाव्या गालात नवी गाठ आली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ओठ, हिरडी, तळ, टाळू, गाल हा एकच गट, म्हणून प्रकार तोच असेल तर दुसरी नवा रुग्ण म्हणून मोजत नाहीत. दवाखाना दोन मोजतो, नोंदणी एक. हा फरक कुणाची चूक नाही.

नवीपेठकर

समजा एखाद्या रेकॉर्ड रूमने यादी द्यायची तयारी दाखवली. कुठले रकाने मागू?

आकडेमोड

संशोधनासाठी नैतिक समितीची परवानगी आधी. मग निदानाची तारीख (भरतीची नव्हे), निदानाच्या वेळचं वय, लिंग, पूर्ण पत्ता, त्या पत्त्यावर किती वर्षं, तोंडातली नेमकी जागा आणि बाजू, तुकड्याचा निकाल व लॅब क्रमांक, टप्पा व कुठली आवृत्ती, सवयीचा प्रकार आणि वर्षं. नावं जुळवणी संपल्यावर काढून टाकायची, पुढे फक्त सांकेतिक क्रमांक.

पूर्व_भाग

पत्त्यावर "सोलापूर" एवढंच असेल तर?

आकडेमोड

तर ती नोंद बाजूला ठेवून फोनवर खात्री करायची. कुंभारीच्या विडी घरकुलातली बाई पत्ता सोलापूरच सांगते, पण कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. तिला शहरात धरलं तर अंशात ती आहे आणि छेदात नाही. हजारो घरांची वसाहत आहे ती, दर सहज फुगेल. उलट १९९२ च्या हद्दवाढ भागातली जुनी गावं अजूनही पत्त्यात गावाच्या नावाने येतात, ती चुकून ग्रामीणमध्ये जातात. पिनकोड हद्दीप्रमाणे चालत नाही, त्यावर विसंबू नका. प्रभागांचा नकाशा आणि वसाहतींची यादी समोर ठेवून एकेक पत्ता लावायचा. सुरुवातीला दोघांनी स्वतंत्रपणे शंभरेक पत्ते लावून पाहा, जिथे दोघांचं जुळत नाही तिथे नियम लिहून ठेवा.